समोरची चावी

ऐका हो ऐका! समस्त टर्नर, फिटर, वेल्डर, चहावाले आणि काचेच्या केबिनमध्ये थंड हवा खात बसलेले साहेबलोक यांस कळवण्यात येतं की, आज आपल्या लांब लेथवर नवीन चकसाहेबांचं आगमन झालेलं आहे. साहेबांची संपूर्ण तपासणी होईपर्यंत कोणीही मशीनच्या समोर उभं राहू नये, स्विचला बोट लावू नये, ‘झालं का?’ असं विचारू नये, आणि विचारायचंच असेल तर आधी घरी फोन करून बायकामुलांशी बोलून घ्यावं!

हे जाहीर निवेदन माझं नाही, अण्णांचं. आखातातल्या मीना सलमान बंदरावरच्या आमच्या वर्कशॉपात चक बदलला की अण्णा लाकडी खोक्यावर चढून, हातातला पाना राजदंडासारखा उभा धरून, ते हिंदीत करायचे; म्हणजे त्यांना जी हिंदी वाटायची तिच्यात. केरळचे, बंगालचे, सियालकोटचे, सगळे हातातलं काम टाकून ऐकायचे. शेवटच्या वाक्याला हमखास हशा पिकायचा. मीही हसायचो. आता ते वाक्य लिहायलाही नको वाटतं, पण सुरुवात तिथूनच करायला हवी, कारण अण्णा म्हटले की खोक्यावरचे अण्णाच आधी डोळ्यांपुढे येतात.

ज्यांचा लेथशी कधी संबंध आला नाही अशा भाग्यवंतांसाठी थोडं सांगतो. लेथ म्हणजे लोखंड फिरवत ठेवून ते तासणारं यंत्र. फिरणारं लोखंड ज्या पंजात धरलेलं असतं तो पंजा म्हणजे चक. आमच्या लांब लेथचा चक लग्नाच्या स्वयंपाकातल्या परातीएवढा होता. त्याला चार जबडे, आणि प्रत्येक जबडा चावीनं वेगवेगळा आवळायचा. जहाजांच्या पंपांचे शाफ्ट, म्हणजे लांब लोखंडी दांडे, त्या जबड्यांत धरून फिरवायचे. पंजा जरा सैल राहिला तर? “सुटलेलं लोखंड साहेब बगत न्हाई आणि हेल्पर बगत न्हाई, पुणेकर,” अण्णा मला म्हणायचे. मी त्या वर्कशॉपात खरेदी बघतो आणि पुण्याचा आहे. माझं नाव अण्णांनी कधी घेतल्याचं मला आठवत नाही.

अण्णा इचलकरंजीचे. बुटके, रुंद, हाताचे पंजे स्वतःच एखाद्या चकासारखे. नवा चक बसवण्याआधी त्याला आंघोळ घालायची हा त्यांचा नेम. मागची बाजू डिझेलनं धुवायची, फडक्यानं पुसायची, मग फडकंही बाजूला ठेवून नुसत्या बोटानं सगळीकडून चाचपायची. मशीनच्या ज्या तोंडावर तो बसणार त्या तोंडालाही हाच सोहळा. मध्ये लोखंडाचा एक कीस अडकला तरी अख्खा चक वाकडा बसतो. एकदा मी म्हटलं, “अण्णा, स्वच्छ दिसतोय की.” त्यांनी माझं बोट धरलं आणि चकावरून फिरवलं. काहीतरी टोचलं. “दिसतोय,” अण्णा म्हणाले, “पोरगी बगायला आल्यावर आमचा जावईबी लई शांत दिसत हुता.”

ही चाचपायची खोड वर्कशॉपपुरती नव्हती. सनद भागातल्या आमच्या घरी जेवायला आले तेव्हा पहिला घास घ्यायच्या आधीच त्यांनी पाण्याचा ग्लास खाली ठेवला, टेबलावर तळहात दाबून पाहिला आणि क्षणात टेबलाखाली गायब झाले. बायको सुरमईची ताटली हातात धरून उभी. खालून आवाज आला, “वहिनी, ह्यो पाय लंगडतोय. पुठ्ठा हाय का?” मिठाईच्या खोक्याचं झाकण फाडून दिलं. ते दुमडून, सरकवून, पुन्हा दाबून पाहून मगच अण्णा वर आले. माझी मुलगी मला म्हणाली, “बाबा, इज ही ऑलवेज लाइक धिस?”

“काय म्हनली पोरगी?”

“विचारतेय, अण्णा नेहमी असेच असतात का.”

“सांगा तिला, व्हय. माजी बायकोबी हेच इचारत हुती. आता दमली.”

पण अण्णांचं खरं दर्शन घ्यायचं तर त्यांना बशीरभाईंसोबत बघायला हवं होतं. बशीरभाई सियालकोटचे, ताडासारखे उंच, दाढीला मेंदी. चकातलं लोखंड बरोबर मध्यावर आणायचं काम दोन माणसांचं. एक मशीनच्या अलीकडे, एक पलीकडे, दोघांच्या हातात एकेक चावी. एकानं आपला जबडा सैल सोडायचा, त्याच वेळी समोरच्यानं आपला आवळायचा. मध्ये लोखंडाला टेकवलेला डायल असतो, घड्याळासारखा. लोखंड हातानं हळूहळू फिरवायचं. डायलचा काटा थरथरला तर अजून मध्य सापडलेला नाही. एकटा माणूसही हे करू शकतो, फेऱ्या मारत. पण अण्णा आणि बशीरभाई इतकी वर्षं समोरासमोर उभे राहिले होते की त्यांना दुसरी पद्धतच उरली नव्हती. दोघांच्या चाव्यासुद्धा ठरलेल्या. एकीच्या दांड्याला लाल रंग, एकीच्या हिरवा. कुणाची कोणती याचा अंदाज बांधू नका, तो चुकेल. लाल रंगाचा डबा बशीरभाईंनी आधी पळवला, म्हणून अण्णांच्या वाट्याला हिरवा आला, आणि त्यावरून दोघांनी एकमेकांना जन्मभर टोमणे मारले.

त्यांचं काम चालू असताना मी स्टोअरमधून मुद्दाम खुर्ची आणून बसायचो.

“छोड, थोडा छोड.”

“छोडा.”

“इतना नहीं, अण्णा! भैंस का रस्सा छोड रहा है क्या?”

“तू खींच ना. बिर्याणी खाके ताकद किधर जाती तेरी?”

“तेरे को सुनने में जाती है.”

दोघांच्या देशांचा क्रिकेटचा सामना असला की संभाषण बंद. तेव्हा नुसते डोळे वटारून काम चालायचं आणि काटा त्या दिवशीही जागच्या जागी यायचा. मध्य सापडला की शेवटचं आवळणं, अंगाचा सगळा भार घालून. त्यातही वाटणी. पहिला आणि दुसरा जबडा बशीरभाईंचा, तिसरा आणि चौथा अण्णांचा. दुसऱ्याच्या जबड्याला चावी लावणं म्हणजे दुसऱ्याच्या ताटातली भाकरी उचलणं. मग बशीरभाई विचारायचे, “ओके?” अण्णा पलीकडून म्हणायचे, “ओके.” मगच बशीरभाई स्विचकडे जायचे. आधी सावकाश फिरवायचं, सगळ्यांना बाजूला काढून. मग थांबवून सगळे बोल्ट आणि जबडे पुन्हा आवळायचे, डायल पुन्हा लावायचा, आणि गिऱ्हाईकाचं काम चढवण्याआधी भंगारातला एखादा तुकडा तासून बघायचा.

एवढं सगळं होईपर्यंत काचेच्या केबिनमध्ये आमचे फोरमन कुरियनसाहेब भाजून निघायचे. कुरियनसाहेब कोट्टयमचे, जाडजूड, गळ्यात टाय. आयुष्यात त्यांनी लेथ चालवला नव्हता. कोणतं काम कधी द्यायचं याचं वेळापत्रक सांभाळत ते वर चढलेले. काचेवर टकटक करून ते मनगटावरचं घड्याळ दाखवायचे. मग बाहेर येऊन, अरबीत घाई करत, “यल्ला अण्णा, यल्ला! जहाज खडा है पोर्ट में.” अण्णा मान वर न करता म्हणायचे, “जहाज को बोलो, बैठ जा.” कुरियनसाहेब चडफडत आत जायचे. माझ्याकडे तक्रार करायचे की या दोन म्हाताऱ्यांनी चक बसवण्याची पूजा करून ठेवली आहे. तक्रार अगदीच खोटी होती असं मी म्हणणार नाही.

धाकट्या मुलीच्या लग्नासाठी अण्णा सुट्टीवर गेले, आणि ते नसताना लांब लेथचा जुना चक कामातून गेला. जबड्यांचे स्क्रू इतके झिजले होते की पकड धरेना. नवा चक मीच मागवला. चक चांगला होता, पुढे चौकशीतही त्यात खोट निघाली नाही, हे इथेच सांगून टाकतो. बशीरभाईंनी तो बसवला. आंघोळ घातली, बोटानं चाचपला, बोल्ट समोरासमोरचे धरून आवळले, सगळं अण्णांसारखंच. अण्णांची आठवण म्हणून खोक्यावर चढून निवेदनही केलं; दोन वाक्यांत विसरले आणि खाली उतरले. मग पंपाचा शाफ्ट जबड्यांत धरला आणि मध्य काढायची वेळ आली.

शफीक म्हणून आमचा हाताखालचा चांगला फिटर आहे, चितगावचा, चार मुलांचा बाप. त्यानं खिळ्यावरची हिरवी चावी काढली आणि पलीकडच्या बाजूला जाऊन उभा राहिला. बशीरभाई म्हणाले, “रख दे. वो अण्णा की है.” शफीक म्हणाला, मग दुसरी चावी आणतो. बशीरभाई म्हणाले, “चावी की बात नहीं है, बेटा. वो जगह अण्णा की है.” शफीकनं चावी परत खिळ्यावर टांगली.

बशीरभाईंनी एकट्यानं, फेऱ्या मारत, मध्य काढला. काटा जागेवर आला. मग शेवटचं आवळणं. पहिला जबडा आवळला. दुसरा आवळला. तिसऱ्या आणि चौथ्याकडे त्यांचा हात गेलाच नाही. इतक्या वर्षांत कधी गेला नव्हता. शफीक सांगतो, त्यांनी पलीकडे बघून “ओके?” असं विचारलं. मग आपण कुणाला विचारतोय हे लक्षात येऊन स्वतःशीच हसले, आणि स्विचकडे गेले.

मी स्टोअरमध्ये होतो. आवाज ऐकला. मी गोष्टी सांगणारा माणूस आहे, विमानापासून बोकडापर्यंत सगळे आवाज करून दाखवतो. तो आवाज मी कुणाला करून दाखवत नाही.

बशीरभाईंची पेटी सियालकोटला पाठवायची सगळी कामं कुरियनसाहेबांनी केली. पोलीस, हॉस्पिटल, दूतावास, विमानतळ, सगळीकडे ते स्वतः फिरले. त्या दिवसांत त्यांचा टाय मी पाहिला नाही. अण्णांना कळवायचं नाही हेही त्यांनीच ठरवलं. लग्नाचं घर होतं. “आने दो,” ते मला म्हणाले, “गाडी में तुम बताना. तुम बात अच्छा करते हो.”

विमानतळावर अण्णा खुशीत बाहेर आले. कपाळावर अजून हळदीचा पिवळेपणा. हातात पिशवी, तिला लसणाच्या भडंगाचा वास. “बशीरचं हाय,” म्हणाले. “तुमच्यासाठी आणलं न्हाई, तुमास्नी तिखट सोसत न्हाई.” गाडी पुलावर आली तरी मी लग्नातल्या जेवणाचंच विचारत होतो. मला बात अच्छा करता येतं म्हणे. शेवटी जे होतं ते दोन वाक्यांत सांगितलं आणि समोरच्या रस्त्याकडे बघत राहिलो.

अण्णांनी पिशवी मांडीवर घेतली. मग म्हणाले, “चावी कुठं हुती?”

“कुठली?”

“माजी. हिरवी.”

“खिळ्यावर.”

“शफीक न्हवता?”

“होता. त्यानं उचलली होती.”

“मग?”

मी बशीरभाईंचं वाक्य सांगितलं. जसंच्या तसं, हिंदीत. अण्णांनी भडंगाची पिशवी मांडीवरून उचलून पायाशी ठेवली. मआमीरच्या कामगार कॅम्पपर्यंत ते खिडकीतून बाहेर बघत होते. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, तेलाच्या टाक्या आणि वाळू. उतरताना मी पिशवी हातात दिली तर म्हणाले, “ऱ्हाऊ द्या तुमच्याकडं.” घरी ती कुणी उघडली नाही.

लांब लेथ बंद पडून राहिला. सरकारी तपासणी झाली, मशीन तपासलं गेलं, चकाला मार बसला होता म्हणून पुन्हा नवा मागवला. अण्णा रोज कामावर येत, छोट्या लेथवर काम करत, जेवत, कॅम्पवर जात. कुणाशी भांडत नसत. कुरियनसाहेब काही सांगायला आले की “येस सर” म्हणत. अण्णांच्या तोंडून “येस सर” ऐकणं फार वाईट होतं. केबिनच्या काचेवर टकटक व्हायची तीही बंद झाली.

नवा चक आला त्या सकाळी खोक्यावर कुणी चढलं नाही. अण्णांनी चक धुतला, पुसला, चाचपला. शफीक आणि मी क्रेननं तो धरून दिला. बोल्ट आवळले, डायल लावून चकाची समोरची बाजू आणि कड तपासली, एक बोल्ट किंचित सोडून पुन्हा धरला. हात तेच होते, वेग तोच. मग शाफ्ट जबड्यांत धरला आणि अण्णांनी आपली हिरवी चावी घेतली. लाल चावी खिळ्यावर होती. पोलिसांनी ती परत दिल्यावर कुणीतरी पुसून टांगली होती.

शफीक पुढे झाला. त्यानं लाल चावीला हातसुद्धा लावला नव्हता, नुसता त्या बाजूला निघाला होता.

“उधर नको जा,” अण्णा म्हणाले.

“अण्णा, अकेला मत करो.”

“उधर नको जा बोला ना.”

अण्णांनी एकट्यानं फेऱ्या मारायला सुरुवात केली. एक जबडा सैल करायचा, चक फिरवायचा, समोरचा आवळायचा, काटा बघायचा. वर्कशॉपातली बाकीची मशीनं एकेक करून बंद झाली. कुणी सांगितलं नव्हतं. आम्ही सगळे उभे होतो आणि सगळ्यांना एकच दिसत होतं: तिसरा आणि चौथा जबडा अण्णांचा, पहिला आणि दुसरा बशीरभाईंचा, आणि अण्णांचा हात बशीरभाईंच्या जबड्याकडे शेवटी जाईल की नाही, हे अण्णांनाही माहीत नव्हतं. मी म्हटलं, “अण्णा, जरा थांबा, चहा घेऊ.” त्यांनी ऐकलं नाही. मी जाऊन त्यांच्या दंडाला धरलं. त्यांनी माझा हात सावकाश काढून बाजूला ठेवला, वस्तू ठेवावी तसा.

तेवढ्यात केबिनचं दार वाजलं. कुरियनसाहेब बाहेर आले. चालता चालता त्यांनी मनगटावरचं घड्याळ काढून माझ्या हातात दिलं, टाय काढून शफीकच्या हातात दिला, खिळ्यावरची लाल चावी घेतली आणि सरळ मशीनच्या पलीकडे जाऊन उभे राहिले.

“साब, तुम अंदर जाओ,” अण्णा म्हणाले.

“नहीं जाएगा.”

“तुमको आता नहीं ये काम.”

“सिखाओ.”

“वो जगा तुमारी नहीं है, साब.”

कुरियनसाहेबांचा आवाज एरवी मोठा, तेव्हा अगदी खाली गेला. “मालूम है. अण्णा, एक बॉक्स मैंने एयरपोर्ट भेजा. उसका वजन मेरे को मालूम है. दूसरा नहीं भेजेगा. तुम मेरे को गाली दो, जो करना है करो. मैं इधर से नहीं हिलेगा.”

अण्णांनी त्यांच्या हातातल्या चावीकडे पाहिलं. मला वाटलं, आता चावी टाकून निघून जातील. मग ते म्हणाले, “उल्टी पकडी है चावी. सीधी पकडो.”

पुढचं एरवी मी रंगवून सांगितलं असतं. कुरियनसाहेबांनी आवळायचं तिथे सोडलं, सोडायचं तिथे आवळलं; चावी निसटून त्यांच्या पायावर पडली; घामानं शर्ट पाठीला चिकटला. अण्णा एकेक शब्द बोलत होते. छोडो. बस. खींचो. थोडा. और थोडा. शिव्या नाहीत, टोमणे नाहीत. डायलचा काटा सुरुवातीला नाचत होता, मग डुलायला लागला, मग नुसता थरथरला. फार वेळ लागला नाही. काटा थांबला. अण्णांनी शाफ्ट पुन्हा हातानं पूर्ण फिरवून पाहिला. काटा हलला नाही.

“अब आखरी,” अण्णा म्हणाले. “एक नंबर और दो नंबर, तुमारा. पूरा वजन डालो.” कुरियनसाहेबांनी आपलं सगळं पोट त्या चावीवर टाकलं. अण्णांनी तिसरा आणि चौथा आवळला. मग ते वळसा घालून पलीकडे गेले, कुरियनसाहेबांना थोडं सरकवलं, आणि आपल्या चावीनं पहिला आणि दुसरा जबडाही तपासला. घट्ट होते. सगळ्यांना हातानंच बाजूला केलं. मशीन सावकाश सुरू केलं, थांबवलं, बोल्ट आणि जबडे पुन्हा पाहिले, डायल पुन्हा लावला, पुन्हा सुरू केलं. वेग वाढवला. शाफ्ट इतका सरळ फिरत होता की फिरतोय हे कळू नये.

कुरियनसाहेबांचा चेहरा लहान मुलासारखा उजळला. हात तेलानं काळे, नखाखाली रक्त, आणि बिचाऱ्यांच्या मनात वाईट काहीच नव्हतं. ते म्हणाले, “बस, अण्णा? इतना ही है? ये तो कोई भी कर सकता है!”

अण्णांनी मशीन बंद केलं. चक फिरत फिरत थांबला. त्यांनी कुरियनसाहेबांकडे पाहिलं नाही, आमच्यापैकी कुणाकडेच पाहिलं नाही; कुरियनसाहेबांच्या खांद्यावरून पलीकडच्या, बशीरभाईंच्या रिकाम्या जागेकडे बघत, अख्ख्या वर्कशॉपला ऐकू जाईल अशा आवाजात ते ओरडले, “किसीको बी लेना था ना रे, गधड्या!”